अण्णांची १,०९७ रुपयांची पेन्शन: जो हलला तो हुकला?

शिरोलीकर | रविवार, सकाळी ९:४०

मागच्या आठवड्यात अण्णांना हयातीच्या दाखल्याला घेऊन गेलो. सगळं आयुष्य फौंड्रीत गेलेलं, मोल्डिंगच्या वाळूनं बोटांच्या रेषा कधीच घासून गेल्यात. अंगठा चार वेळा लावला, चारही वेळा मशीननं नाकारला. सेंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, अंगठा जरा कपाळावर घासा, तेल लागलं की घेतंय." अण्णांनी घासला. तरी नाही. शेवटी मोबाइल तोंडासमोर धरला, डोळे मिटा-उघडा झालं आणि अण्णा जिवंत आहेत हे सरकारला एकदाचं पटलं. एवढं पटवून महिन्याला मिळतात १,०९७ रुपये.

हा आकडा आला कुठून ते त्याच दुपारी कागदावर मांडून बघितलं. ईपीएस-९५, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची १९९५ ची पेन्शन योजना, तिचं सूत्र साधं आहे. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. अण्णांचा पीएफ ज्या पगारावर कापायचे तो सरासरी ६,४००, वर्षं १२. उत्तर १,०९७. २०१६ ला अठ्ठावन्न पुरी झाली तेव्हाही हेच आणि आजही हेच, कारण या पेन्शनला महागाई भत्ताच नाही.

पण अण्णांनी बारा नव्हे, वीस वर्षं पीएफ भरलाय. १९९६ ते २००४ एका कारखान्यात, तो बंद पडायला आला तसे दुसऱ्यात. पहिला सोडताना क्लार्कनं दोन फॉर्म पुढं सरकवले, एक १९ नंबरचा, पीएफ काढायचा, आणि एक १०-सी, पेन्शनचा हिस्सा काढायचा. "इथं सही, इथं सही." वीसेक हजार हातात आले, ते ताईच्या लग्नात गेले. १०-सी भरताना पैसे न काढता योजना प्रमाणपत्र मागता येतं, ते पुढच्या नोकरीत जोडलं की वर्षं चालू राहतात, हे क्लार्कनं सांगितलं नाही आणि अण्णांना विचारायचं सुचलं नाही. वीस वर्षं पुरी दिसली असती तर नियमानं आणखी दोन वर्षं वरून धरतात. ६,४०० गुणिले २२ भागिले ७०, म्हणजे २,०११. एका सहीत पेन्शन जवळपास निम्मी.

इथं पेन्शनवर वाद निघाला की जुनी का नवी यावरच तुंबळ होतं. मला त्या दुपारपासून वेगळंच दिसायला लागलंय. जो एका जागी, एका मालकाकडं चिकटून राहिला त्याला व्यवस्था ओळखते. जो पोटासाठी हलला, या कारखान्यातून त्या कारखान्यात, या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात, नाहीतर विमानात बसून, त्याची वर्षं मधेच कुठंतरी सांडतात. दवाखान्याचंही तसंच. अण्णा कामावर होते तोवर ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा दवाखान्याचं, कार्ड होतं. नोकरी सुटली तसं कार्डही सुटलं. सत्तरीनंतर उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड मिळतं म्हणे. अण्णा सदुसष्टचे. मधली वर्षं बीपीच्या गोळ्यांनी वाट बघायची काय?

तुमचे अनुभव लिहा. राजकीय पक्षांची नावं घेऊन धागा पेटवू नका ही विनंती.

---

खडूफळा | रविवार, सकाळी १०:२५

अण्णांना नमस्कार सांगा. मी झेडपीचा शिक्षक, २००६ ला लागलो. राज्यात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याला जुनी पेन्शन, नंतरच्याला अंशदायी, म्हणजे डीसीपीएस. माझ्या शेजारच्या वर्गावरचे सर माझ्यापेक्षा चौदा महिन्यांनी आधी लागले. तोच हजेरीपट, तीच पोरं, तीच खिचडी. ते निवृत्त झाले की शेवटच्या पगाराच्या निम्मे आणि वर महागाई भत्ता. मला बाजार देईल ते.

हलण्याचा तुमचा मुद्दा मात्र पटला. मी आंतरजिल्हा बदली घेऊन घरी आलो. पहिल्या जिल्ह्यात कापलेल्या डीसीपीएसच्या रकमेचा हिशेब इकडे यायला किती वर्षं लागली विचारू नका. तिकडचे म्हणत पाठवला, इकडचे म्हणत आला नाही. पगारपत्रकांच्या झेरॉक्स मीच गोळा करत बसलो, दोन महिन्यांच्या अजून सापडलेल्या नाहीत. जे हललेच नाहीत त्यांचे आकडे जागेवर होते.

२०२३ च्या मार्चमध्ये १४ ते २० असा आठवडाभर संप झाला, तेव्हा मीही "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडत होतो. लाज वाटत नाही त्याची.

---

हिशोबनीस | रविवार, सकाळी ११:०२

@खडूफळा, त्याच आठवड्यात माझ्या बायकोची सोनोग्राफी पुढं ढकलली गेली. सरकारी दवाखाना, सिस्टर संपावर. खासगीत जाऊन पैसे मोजले. मी दुकानदार आहे, मला कसलीच पेन्शन नाही. तुमच्या निम्म्या पगाराचा काही भाग माझ्या जीएसटीतून जाणार. तेव्हा "न्याय" हा शब्द जरा जपून वापरू या.

आणि आता सरकारी नोकरांना युनिफाइड पेन्शन आलीच की. केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली, २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, आणि दहा वर्षं झाली तरी किमान १०,००० रुपये. महाराष्ट्राने तर केंद्राच्या निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्ट २०२४ ला ती घ्यायचं ठरवलं. अण्णांची किमान १,०००. दहाची किमान आणि एकची किमान, दोन्ही सरकारनेच ठरवलेल्या. यातला फरक मला कुणी समजावून सांगा.

---

खडूफळा | रविवार, सकाळी ११:१८

सोनोग्राफीचं वाईट वाटलं, खरंच. पण अण्णांची पेन्शन कमी आहे म्हणून माझी कमी करा, हा कुठला हिशेब? वरच्याला खाली ओढून खालचा वर येत नाही.

---

हिशोबनीस | रविवार, सकाळी ११:३०

येत नाही हे कबूल. पण तिजोरी एकच आहे. आधी कुणाला, एवढंच विचारतोय.

---

बुलढाणा_लोकल | रविवार, दुपारी १२:४५

आमच्याकडे या एकदा. ईपीएस-९५ वाल्यांचं साखळी उपोषण डिसेंबर २०१८ मध्ये बसलं. मागणी ७,५०० आणि वर महागाई भत्ता, पती-पत्नीला मोफत उपचार. एसटीचे, साखर कारखान्याचे, दूध संघाचे, सूतगिरणीचे म्हातारे. बसणारे काही वारले, त्यांच्या जागी दुसरे बसले.

गंमत सांगतो. २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० करा असं सांगितलं होतं. अध्यक्ष कोण? पुढं आपल्याच राज्याचे राज्यपाल झालेले भगतसिंह कोश्यारी. समितीने तीन सांगितले, २०१४ च्या सप्टेंबरपासून एक मिळाला, तो अजून एकच आहे.

आणि हे लक्षात घ्या की ईपीएसमध्ये कामगारासाठी कारखान्याकडून पगाराच्या ८.३३ टक्के जातं, पण पंधरा हजार पगाराच्या मर्यादेवर. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. वर केंद्राचे १.१६ टक्के. कुणी पस्तीस वर्षं पंधरा हजारांच्या मर्यादेवर भरलं तरी सूत्राने ७,५००, बोनसची दोन वर्षं धरून आठच्या आतच. त्यामुळे "नुसतं सूत्र सुधारा" म्हणणाऱ्यांनी आधी ही मर्यादा बघावी.

---

टेम्सकाठचा | रविवार, दुपारी ३:१०

शिरोलीकर, "विमानात बसून" हे वाचून लिहायला बसलो. मी पुण्याचा, सध्या ब्रिटनमध्ये रेडिंगला, आयटीत. इकडे व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. आम्ही चौघं, पाच वर्षांचा व्हिसा. १८,११० पौंड, सगळे आगाऊ. (नर्स वगैरे आरोग्य-सेवेच्या व्हिसावर येणाऱ्यांना हा माफ आहे, हे बरं.) त्यानंतर पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे इथला सामाजिक विम्याचा हप्ता, इतरांसारखाच. म्हणजे त्याच डॉक्टरसाठी मी दोनदा पैसे देतो, आणि अपॉइंटमेंटच्या रांगेत मात्र सगळे समान. ही एक समानता खरी आहे.

पेन्शनचं ऐका. इथली सरकारी पेन्शन सुरू व्हायला किमान दहा पात्र वर्षं लागतात, पूर्ण मिळायला पस्तीस. सात वर्षांनी कंपनीने परत पाठवलं तर पेन्शन शून्य. ऐच्छिक हप्ते भरून वर्षं पुरी करायची सोय आहे, पण तिचे नियमही आवळत चाललेत. आणि समजा दहा भरून भारतात परतलो, तर पेन्शन मिळते, पण गोठलेली. इथे राहणाऱ्याची दरवर्षी वाढते. भारतात राहणाऱ्याची पहिल्या दिवशी जी, तीच शेवटपर्यंत. अण्णांची २०१६ ला थांबली तशीच.

२०२५ च्या मे महिन्यात सरकारने कायमच्या वास्तव्यासाठीची पाच वर्षं दहा करायचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीपेक्षा याचीच चर्चा जास्त. पाच धरून घर घेतलेली माणसं आहेत.

---

हिशोबनीस | रविवार, दुपारी ३:४०

टेम्सकाठचा, राग मानू नका. पण तिथल्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं भरून उभं केलेलं हॉस्पिटल तुम्ही पहिल्या दिवसापासून वापरणार. प्रवेश फी मागितली तर बिघडलं कुठं? आमच्या गल्लीतल्या मंडळातसुद्धा नवीन भाडेकरूकडून आधी वर्गणी घेतात.

---

टेम्सकाठचा | रविवार, दुपारी ४:०५

वर्गणी घ्या की. पण मग जाताना माझी सात वर्षांची वर्गणी ठेवून घेऊ नका. तेवढंच म्हणणं आहे. आता भारत-ब्रिटन करारासोबत कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्यांना काही वर्षांपर्यंत दोन्हीकडे भरायला लागू नये अशी तरतूद ठरली आहे. माझ्यासारख्या इथेच नोकरी धरलेल्याला तिचा उपयोग नाही.

---

निवृत्त_पीएफवाला | रविवार, संध्याकाळी ६:२०

आयुष्यभर हेच काम केलं म्हणून चार ओळी.

परदेशांशी सामाजिक सुरक्षा करार असला की साधारणपणे दोन्हीकडची वर्षं बेरजेत धरतात. जर्मनीशी आपला असा करार २०१७ पासून लागू आहे. अमेरिकेशी नाही. तिकडे सोशल सिक्युरिटीला, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनला, ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षं लागतात. एच-वन-बी व्हिसावर सहा वर्षं राहून परतलेल्या पोरांचे पैसे तिकडेच.

पण आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. भारतात नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाचा पीएफ आपण २००८ पासून पूर्ण पगारावर कापतो. आपल्या माणसाला असलेली पंधरा हजारांची मर्यादा त्याला नाही, आणि करार नसलेल्या देशाचा असेल तर पैसे साधारणपणे अठ्ठावन्नाव्या वर्षी. यावर उच्च न्यायालयांत भांडणंही झाली. परक्याकडून जास्त घ्यायचं आणि उशिरा द्यायचं, ही हुशारी सगळ्याच देशांना जमते.

शिरोलीकर, तुमच्या वडिलांसारखी १०-सी ची प्रकरणं मी टेबलावर हजारांनी बघितली. क्लार्कला शिव्या घालण्यात अर्थ नाही, समोरचा माणूस पैसेच मागायला आलेला असायचा. लग्न, आजारपण, घराचा स्लॅब. पेन्शनचं प्रमाणपत्र घ्या म्हटलं की म्हणायचा, "साहेब, अठ्ठावन्नला जगलो तर बघू." २०२५ च्या ऑक्टोबरात पीएफच्या विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर ईपीएसचे पैसे काढायला थांबायची मुदत दोन महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर न्यायचं ठरवलं. आरडाओरडा झाला, माझे पैसे मलाच का नाही म्हणून. पण तुमच्या वडिलांच्या वेळी हा नियम असता तर ती आठ वर्षं वाचली असती.

---

शिरोलीकर | रविवार, संध्याकाळी ६:५५

@निवृत्त_पीएफवाला, वाचली असती खरं. पण ताईचं लग्न अडलं असतं, आणि अण्णांनी सावकाराकडनं उचलले असते. मी अण्णांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मी तेच म्हणलो असतो."

---

धारूरचा_मास्तर | रविवार, रात्री ८:३०

तुमच्याकडं निदान सांडायला वर्षं तरी आहेत. आमच्या बीडकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला सहा महिने सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात ऊसतोड. पीएफ नाही, ईएसआय नाही, हजेरीपटावर नाव नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी तर यांच्यातलाच. तीस हंगाम तोडलेल्या बाईनं तीस हंगाम तोडले याचा जगात कुठंही कागद नाही.

दवाखान्याचं सांगू? पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड कापला जातो. त्यातून पोटाच्या दुखण्यावर "पिशवी काढून टाका" हा इलाज झाला. २०१९ मध्ये बोंबाबोंब झाल्यावर सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यात तपासलेल्या ऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या वर्गातल्या एका पोरीची आई त्यात आहे, वय पस्तीस. ती अजून मोळ्या उचलते.

पासष्टीनंतर श्रावणबाळचे १,५००, तेही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. हा २१,००० चा दाखला खरा कुणाचा असतो ते तलाठ्यालाही ठाऊक आणि गावालाही.

---

सुमेधा_क | रविवार, रात्री ८:४१

मास्तर, खाली काय लिहावं सुचेना. फक्त वाचलं एवढं सांगते.

---

दोडामार्गकर | रविवार, रात्री ९:१५

आमची कथा वेगळीच. आम्ही हललोच नाही, आमच्या आणि दवाखान्याच्या मधून रेघ गेली. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने तिथं बाहेरच्यांना शुल्क लावलं. केवढी आंदोलनं झाली तेव्हा! गोवेकरांचं म्हणणं, आमच्या करातून चालतं, खाटा आमच्यालाच पुरत नाहीत. आमचं म्हणणं, म्हापशाच्या बाजारात आमची भाजी, हॉटेलात आमची पोरं, मग आजारी पडल्यावरच परके कसे?

माझी मावशी लग्न होऊन डिचोलीला गेली, आई इकडे राहिली. दोघींना एकाच वर्षी एकच दुखणं झालं. मावशीचं कार्ड गोव्याचं, आईचं महाराष्ट्राचं. दोघींच्या माहेरची चूल एक, बिलं दोन. आता आमच्या जिल्ह्यात ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय २०२१ पासून, पण रात्री छातीत दुखायला लागलं की गाडी अजून दक्षिणेकडंच वळते.

---

हिशोबनीस | रविवार, रात्री ९:५०

हे मात्र मला आतून पटलं, कारण माझी सासुरवाडी सावंतवाडी. पण मग गोवेकरानं काय करायचं सांगा. रेघ कुठंतरी लागणारच. आणि आपण तरी काय करतो? शिरोलीच्या फौंड्रीत आता निम्मे मोल्डर बिहार-ओडिशाचे. त्यांना आपल्या महात्मा फुले आरोग्य योजनेत घ्या म्हटलं तर इथलेच किती जण हो म्हणतील? शिरोलीकर, तुम्ही म्हणाल का?

---

शिरोलीकर | रविवार, रात्री १०:२०

खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी नसतो म्हणालो. अण्णांच्या जागी जो पोरगा लागला तो सिवानचा. ठेकेदाराकडं आहे. ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो, तसा याचा पीएफही. मागच्या महिन्यात तो अण्णांना भेटायला आला आणि म्हणाला, चाचा, जुन्या ठेकेदाराचे पैसे काढू का? अण्णा ताडकन उठून बसले. त्याला अर्धा तास धरून १०-सी समजावलं. अर्धं मराठी, अर्धं त्यांचं ते फौंड्रीतलं हिंदी.

दवाखान्याचं म्हणाल तर आयुष्मान कार्ड बिहारचं असलं तरी इथल्या यादीतल्या दवाखान्यात चालतं. त्याच्याकडं ते आहे. म्हणजे ऑपरेशन लागलं तर त्याची सोय आहे. अण्णांचीही आता फुले योजनेत पाच लाखांपर्यंत आहे. पण रोजच्या गोळ्या दोघांच्याही कार्डात बसत नाहीत. दोघंही मेडिकलवाल्याकडं उधारीवर.

---

सुमेधा_क | रविवार, रात्री १०:४८

शिरोलीकर, अण्णांचं ईएसआय सुटलं असं वर लिहिलंत, तिथे थांबा जरा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी कळलं. निवृत्तीपर्यंत नोकरीत असलेल्या आणि किमान पाच वर्षं ईएसआय भरलेल्या माणसाला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि नवरा-बायकोला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. एकशेवीस, वर्षाचे! गोळ्यासुद्धा तिथून मिळतात. आधी कुणी सांगत नाही. विमा क्रमांक आणि कंपनीकडून निवृत्तीचं पत्र लागतं. सासऱ्यांची कंपनी बंद पडलेली होती, तर पीएफच्या कागदावरची नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण दाखवून काम झालं. तुमच्याकडं काय मागतील ते आधी विचारा.

---

निवृत्त_पीएफवाला | रविवार, रात्री ११:०५

+१. हे बरोबर आहे. उद्याच जा. कारण "निवृत्ती" असंच लिहिलेलं हवं, "राजीनामा" असेल तर अडवतील. बऱ्याच कंपन्या सगळ्यांनाच सरसकट राजीनामा लिहितात.

---

शिरोलीकर | सोमवार, सकाळी ७:३०

रात्री माळ्यावरची ट्रंक काढली. ईएसआयचं जुनं कार्ड सापडलं. दोन्ही कारखान्यांत विमा क्रमांक एकच राहिलाय, तेवढा एक नंबर अण्णांबरोबर हललेला दिसतो. पीएफच्या कागदावर सोडल्याचं कारण बघितलं, शाई उडालीय. पहिलं अक्षर "नि" आहे की "रा" यावर आई आणि अण्णांचं भांडण चाललंय. दहाला ऑफिस उघडतं. आलो की लिहितो.